मागूर माशाचे प्रेरित प्रजनन : संज्ञा आणि प्रक्रिया

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी प्राणिशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी मत्स्यशेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या एका लहानशा मराठी पुस्तिकेचे हस्तलिखित घेऊन माझ्याकडे आला. ‘प्रेरित प्रजनन’ हा शब्दप्रयोग शुद्ध आहे किंवा कसे, एवढेच त्यास विचारावयाचे होते. शुद्ध आहे, असे सांगून मला त्याची बोळवण करता आली असती. परंतु हस्तलिखित चाळताना एक गोष्ट खटकली. कटला-रोहू यांच्यासाठी आणि मागुरासाठी तीत ही एकच संज्ञा वापरलेली होती, आणि दोन्हीकडे सांगितलेली कृती मात्र एकमेकींशी जुळत नव्हती. एका प्रकरणात इंजेक्शन दिलेले मासे ‘हापा’ नावाच्या जाळीदार कापडी पेटीत सोडून सकाळी अंडी गोळा करावयाची होती. दुसऱ्या प्रकरणात मादीचे पोट दाबून अंडी काढावयाची होती आणि नराचा जीव घ्यावयाचा होता. या दोन गोष्टी एका नावाखाली कशा बसतात हे समजून घेण्यासाठी मला माझ्या विषयाबाहेरचे पुष्कळ वाचन करावे लागले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडीत आहे. विषय प्राणिशास्त्राचा असला तरी त्याची एक बाजू भाषेची आहे, आणि ती बाजू दुर्लक्षिली तर मत्स्यशेतकऱ्याचे प्रत्यक्ष नुकसान होते, असे माझे मत झाले आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ‘हॉर्मोन’ हा शब्द इंग्लिश शरीरविज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग याने १९०५ साली लंडन येथे दिलेल्या व्याख्यानांत रूढ केला. केंब्रिजमधील एका भोजनप्रसंगी ग्रीक भाषेच्या एका अभ्यासकाने त्यासाठी ‘हॉर्माओ’, म्हणजे ‘मी चालना देतो’, हे क्रियापद सुचविले, अशी हकीकत सांगितली जाते. मराठी परिभाषाकारांनी योजलेला ‘संप्रेरक’ हा शब्द त्या ग्रीक क्रियापदाचे जवळजवळ बिनचूक प्रतिरूप आहे. ‘सम्’ व ‘प्र’ हे उपसर्ग आणि ‘ईर्’ हा धातू. धातूचा अर्थ हलणे, हलविणे, गती देणे. आता ‘प्रेरित’ हा शब्दही त्याच ‘ईर्’ धातूचा. तेव्हा ‘संप्रेरकाने प्रेरित केलेले प्रजनन’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा एकच धातू दोनदा उच्चारतो. ही द्विरुक्ती निर्दोष वाटते खरी, पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. मासा स्वस्थ बसलेला आहे, त्यास पुढे ढकलणे आवश्यक आहे, आणि ढकलणारी वस्तू सुईतून त्याच्या अंगात जाते, असे ते गृहीत होय. ते कितपत खरे आहे, हे पाहण्यापूर्वी माशाची ओळख करून घेणे इष्ट.

मिशाळ माशांच्या ज्या मोठ्या गणाला इंग्रजीवरून ‘मांजरमासे’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, त्या गणाला बोलीत एक सामान्य नाव नाही. शिंगाळा वेगळा, शिवडा वेगळा. कोळी आणि भोई त्यांना निरनिराळेच मासे समजतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. मागूर हा त्याच गणातला. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, आणि कल्ल्यांच्या वर हवेतील प्राणवायू घेणारे एक जादा इंद्रिय. त्यामुळे जेथे रोहू तासाभरात मरेल अशा गढूळ, शिळ्या पाण्यात हा सुखाने राहतो. त्याचे नाव संस्कृत ‘मद्गुर’ या शब्दापासून आले आहे. ‘मुद्ग’ शब्दातील ‘द्ग’चा प्राकृतात ‘ग्ग’ होऊन पुढे मराठीत ‘मूग’ झाला. तसेच ‘मद्गुर’चा ‘मग्गुर’ व मग ‘मागुर’. हिंदीतील ‘मांगुर’ या रूपात पुढे अनुनासिक शिरले. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली गंगेतील माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा बंगालीतील हेच नाव त्याने शास्त्रीय नामात घातले. पुढे पुष्कळ वर्षे भारतीय मागुरास ‘क्लॅरिअस बॅट्रॅकस’ या लिनिअसच्या नावाखाली नोंदविले जात होते. २००८ साली ङ आणि कोटेलाट या दोघा मत्स्यवर्गीकरणकारांनी ते नाव जावा बेटावरील माशापुरते मर्यादित केले, आणि आपला मासा पुन्हा ‘क्लॅरिअस मागुर’ झाला. जुने निबंध वाचताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. नावाचा प्रश्न पुढे पुन्हा येणार आहे.

निसर्गात मागुराची वीण पावसाळ्यात होते. पाणी भातखाचरांत पसरले की नर-मादी उथळ पाण्यात येतात, बांधाच्या कडेला खळगा करतात, मादी त्यात चिकट अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. हाच मासा मत्स्यशेतकऱ्याच्या तळ्यात ठेवला तर काय होते? मादीचे पोट ज्येष्ठ-आषाढात फुगते, गाभोळी भरते, अंड्यांत पुरेसा बलक साठतो. आणि येथवर येऊन सारे थांबते. दिवस लोटतात, अंडी घातली जात नाहीत, ऋतू उलटला की ती अंडी अंडाशयातच जिरून जातात. म्हणजे मासा वांझ नाही, उपाशी नाही, अपक्वही नाही. शेवटची एक पायरी तेवढी राहते. तळ्यात पाणी चढत नाही, नवी खाचरे भिजत नाहीत, आणि त्या पायरीसाठी मेंदूला जी खूण हवी ती मिळत नाही. प्रेरित प्रजनन म्हणजे या एका पायरीपुरता केलेला हस्तक्षेप. अंडी नसलेल्या मादीला इंजेक्शन देऊन काहीही साध्य होत नाही, ही गोष्ट मत्स्यबीज केंद्रातील प्रत्येक कामगारास ठाऊक असते. ‘प्रेरित’ या शब्दावरून मात्र ती कळत नाही.

या हस्तक्षेपाचा इतिहास दक्षिण अमेरिकेत सुरू होतो. अर्जेंटिनातील बर्नार्डो हूसे याने १९३० च्या सुमारास पिले घालणाऱ्या एका लहान माशाला दुसऱ्या माशाच्या मेंदूखालील ग्रंथीचा अर्क टोचला, तेव्हा पिले वेळेआधीच बाहेर आली. (हूसेला १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते या प्रयोगासाठी नव्हे, साखरेच्या चयापचयात त्याच ग्रंथीचे कार्य दाखविल्याबद्दल.) त्यानंतर थोड्याच वर्षांत ब्राझीलमध्ये रोडॉल्फो फॉन ईहेरिंग याने ही युक्ती मत्स्यसंवर्धनात आणली. आपल्याकडे फाळणीपूर्व पंजाबात हमीद खान यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस मृगळ माशावर प्रयोग केले. पुढची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस बहुधा अशी सांगितली जाते : १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी कार्प जातीच्या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले, आणि त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो. हे सर्व खरेच आहे. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ साली, बंगलोरच्या एल. एस. रामस्वामी आणि बी. आय. सुंदरराज यांचा ‘शिंगी’ या मिशाळ माशाच्या प्रेरित प्रजननावरील निबंध ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता, आणि १९५७ साली त्यांनी मागुरावरही तसाच निबंध लिहिला. भारतात या पद्धतीचे पहिले पक्के यश मिशाळ माशांत आले, असे म्हणावयास हरकत नसावी. तथापि रोहू-कटला हे मोठ्या बाजाराचे मासे, त्यांचे बीज तोवर पुराच्या नद्यांतून गाळून आणावे लागत असे. ती अडचण अंगुलने दूर केली, म्हणून कीर्ती तिकडे गेली. शब्दही तिकडेच घडला. ‘प्रेरित प्रजनन’ म्हटले की कार्पच्या हाप्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, त्याचे मूळ येथे आहे.

त्या काळी टोचला जाई तो अर्क मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा. पाश्चात्त्य भाषांत तिला ‘पिट्यूटरी’ म्हणतात. लॅटिन ‘पिट्यूइटा’ म्हणजे शेंबूड. ही ग्रंथी नाकात शेंबूड सोडते अशी प्राचीन समजूत होती. समजूत गेली, शब्द राहिला. मराठीत तिला ‘पीयूषिका’ म्हणतात. ‘पीयूष’ म्हणजे अमृत, आणि नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक. चुकीच्या शब्दाच्या जागी आपण निदान गोड शब्द ठेवला, असे फार तर म्हणता येईल. पक्व माशाची ही ग्रंथी मोहरीच्या दाण्याहून फारशी मोठी नसते. डोके फोडून ती काढावयाची, निर्जल अल्कोहोलमध्ये जपावयाची, लागेल तेव्हा खलात घोटून तिचा अर्क करावयाचा. अर्कातील जो पदार्थ अंडाशयावर कार्य करतो त्यास जननग्रंथि-पोषक संप्रेरक म्हणतात. या पद्धतीत मेंदूला विचारलेच जात नाही. मेंदूने पीयूषिकेकडून जे करवून घ्यावयाचे ते आपण दुसऱ्या माशाच्या पीयूषिकेकडून करवितो. तिचा मोठा दोष असा की कोणती ग्रंथी किती सकस आहे हे आधी कळत नाही. एका माशासाठी इतर माशांची डोकी हवीत, आणि तरीही मात्रा अंदाजाची.

पुढची पायरी मेंदूकडे जाणारी आहे, आणि येथेच ‘प्रेरणा’ या कल्पनेला पहिला धक्का बसतो. पीयूषिकेवर मेंदूतील अधश्चेतक या भागाची हुकमत चालते. अधश्चेतकाचा निरोप ज्या रेणूने जातो तो केवळ दहा अमिनो आम्लांची साखळी आहे. सस्तन प्राण्यांतील तिची रचना १९७१ साली शॅली आणि गिलमँ यांच्या प्रयोगशाळांतून उलगडली; १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी झाले. १९८३ साली सामन माशातील रूप सापडले. दहांपैकी सातवे आणि आठवे स्थान तेवढे वेगळे, बाकीचे तसेच. बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्यास हे वाचताना घरच्यासारखे वाटते. या साखळीत सहाव्या स्थानी व शेवटी कृत्रिम फेरफार केला तर शरीरातील विकरे तिला लवकर तोडू शकत नाहीत व तिचा प्रभाव पुष्कळ वाढतो. तेव्हा आता प्रश्न सुटला, असे संशोधकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु अशा प्रबळ रेणूचे इंजेक्शन दिल्यावरही गोड्या पाण्यातील अनेक मासे अंडी सोडीनात.

कारण कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठात रिचर्ड पीटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. सोनमाशाच्या मेंदूचा एक विशिष्ट भाग त्यांनी नष्ट केला, तेव्हा त्या माशाने कोणतेही इंजेक्शन न देता अंडी मोकळी केली. याचा अर्थ, मेंदूतून पीयूषिकेकडे दोन निरोप जात होते. एक ‘सोड’ म्हणणारा, दुसरा ‘थांब’ म्हणणारा. दुसऱ्या निरोपाचा वाहक डोपामाइन हा पदार्थ असल्याचे सिद्ध झाले. आफ्रिकी मागुरावर नेदरलंड्समधील उत्रेख्त येथे झालेल्या प्रयोगांनी १९८५ च्या सुमारास हेच दाखविले : नुसता उद्दीपक रेणू अपुरा पडतो, डोपामाइनला अडविणारे औषध सोबत दिले की अंडमोचन होते. चीनमधील लिन हाओरान आणि पीटर यांनी या दुहेरी उपायाची पद्धत बसविली व तिला दोघांच्या नावांचा संधी करून ‘लिनपे’ हे नाव पडले. आज मत्स्यबीज केंद्रांत जी तयार द्रावणे वापरतात त्यांचे तत्त्व हेच. ‘ओव्हाप्रिम’ या प्रसिद्ध द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सामनच्या रेणूचे सुधारित रूप २० मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असते. डोम्पेरिडोन म्हणजे उलटी थांबविण्यासाठी डॉक्टर आपणांस देतात तेच औषध. दोन आकड्यांतील प्रमाण पाहावे : अडसर काढणारा पदार्थ वजनाने चालना देणाऱ्याच्या पाचशे पट आहे. दोन निराळ्या पदार्थांच्या वजनांची तुलना फार ताणू नये, हे मला मान्य आहे. पण केवळ ‘संप्रेरकाचे इंजेक्शन’ म्हणून त्याचे वर्णन करणे अपुरे आहे, एवढे त्यावरून निश्चित दिसते. त्या बाटलीतील एक घटक संप्रेरकच नव्हे.

आपल्या नैयायिकांना हा प्रकार समजावून सांगण्यास आयास पडले नसते. त्यांच्या मते कार्याच्या कारणांत ‘प्रतिबंधकाभाव’ हेही एक कारण मोजावे लागते. अग्नी आहे, इंधन आहे, पण जवळ चंद्रकांत मणी असेल तर दाह होत नाही; मणी उचलला की होतो. तळ्यातील मादी मागूर ही मणी जवळ ठेवलेल्या अग्नीसारखी आहे. तिला जे दिले जाते त्यात थोडी प्रेरणा आणि पुष्कळ प्रतिबंधकाभाव असतो.

यानंतर अंडाशयात जे घडते ते थोडक्यात असे. पीयूषिकेचे संप्रेरक रक्तावाटे अंडपुटिकेस पोहोचते. पुटिकेच्या दोन थरांच्या सहकार्याने एक स्टेरॉइड तयार होते, आणि त्याच्या प्रभावाने अंड्याचे केंद्रक मध्यापासून कडेला सरकून विरघळते. या स्टेरॉइडचे नेमके रूप १९८५ साली जपानमध्ये नागाहामा आणि आदाची यांनी सामनच्या एका जातीत ओळखले. त्याच्या कितीतरी आधी सुंदरराज व गोस्वामी यांनी दिल्ली विद्यापीठात शिंगीची अंडी काचपात्रात ठेवून निरनिराळ्या स्टेरॉइडांनी ती पक्व करून पाहिली होती, हे नमूद करणे न्याय्य होईल. केंद्रक कडेला गेले की नाही, हे मादीच्या जननछिद्रातून बारीक नळीने चार अंडी काढून पाहता येते. इंजेक्शन द्यावे की थांबावे याचा सर्वांत भरवशाचा निकष हाच. केंद्रक विरघळल्यावर पुटिका फुटते आणि अंडे अंडाशयाच्या पोकळीत मोकळे होते. यालाच अंडमोचन म्हणतात. त्यास लागणारा वेळ पाण्याच्या उष्णतेवर फार अवलंबून असतो. आफ्रिकी मागुरास कार्पच्या पीयूषिकेचा अर्क दिल्यास २० अंश सेल्सिअसला सुमारे २१ तास, २५ अंशांना ११ तास आणि ३० अंशांना अवघे ७ तास लागतात. आपल्या मागुरास पावसाळी पाण्यात साधारणतः १६ ते १८ तास द्यावे लागतात. तापमापी न वापरता घड्याळावर विसंबणाऱ्याची अंडी एक तर कच्ची निघतात, नाही तर फार वेळ पोटात राहून नासतात.

आता ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्याकडे वळू. ‘प्रजनन’ या एका शब्दात आपण तीन घटना कोंबतो : अंड्याची अंतिम पक्वता, अंडमोचन, आणि नर-मादीने एकत्र येऊन अंडी व शुक्र पाण्यात सोडणे. इंजेक्शनाचा थेट परिणाम पहिल्या दोहोंवर होतो. तिसरी घटना वर्तनाची आहे. रोहू-कटला यांच्यात पहिल्या दोन झाल्या की तिसरी बहुधा आपोआप होते. संध्याकाळी सुई दिलेले मासे हाप्यात किंवा वाहत्या पाण्याच्या वर्तुळाकार हौदात रात्री एकमेकांचा पाठलाग करतात आणि पहाटे पाणी अंड्यांनी भरलेले असते. मागुराचे तसे नाही. त्याला भातखाचर हवे, खळगा हवा. सिमेंटच्या टाकीत सुई दिलेली जोडी सोडून वाट पाहत बसणाऱ्याच्या हाती बहुधा काही लागत नाही. मादीच्या पोटात मोकळी झालेली अंडी काही तासांतच फलनक्षमता गमावतात. रोहूच्या प्रकरणात शिकलेला शब्द मागुराच्या प्रकरणात जसाच्या तसा वापरला, तर वाचणारा शेतकरी हीच चूक करणार. आणि त्याची ती चूक भाषेने घडविलेली असेल.

म्हणून मागुराच्या बाबतीत तिसरी घटना माणूस स्वतःच्या हातांनी पार पाडतो. मादीला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारणतः १ ते दीड मिलिलिटर द्रावण पाठीच्या स्नायूत टोचतात. ठरलेल्या वेळी तिला ओल्या फडक्यात धरून पोटावर वरून खाली हलका दाब देतात. अंडी कोरड्या पात्रात पडतात. पात्र कोरडे हवे, कारण पाणी लागताच अंड्याचे शुक्रद्वार मिटू लागते. आता नराकडून शुक्र हवे. कार्पच्या नराचे पोट दाबले की दुधासारखा शुक्ररस येतो. मागुराच्या नराची वृषणे आणि त्यांना जोडलेल्या शुक्राशयांची रचना अशी आहे की दाबून काही निघत नाही. तेव्हा नराला मारून वृषणे काढतात, त्यांचे तुकडे ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात घोटतात आणि तो द्रव अंड्यांवर ओततात. त्या खारट द्रवात शुक्राणू निश्चल असतात. वरून गोडे पाणी घातले की धावू लागतात, आणि त्यांचे धावणे जेमतेम मिनिटभराचे असते. मिनिटभरात मिसळण्याचे काम एका पिसाने होते. मग चिकट अंडी वाहत्या पाण्याच्या उथळ तबकांत पसरतात. न फळलेली पांढरी पडतात. फळलेल्यांतून २४ ते २६ तासांत पिले बाहेर येतात. मत्स्यशेतकरी कार्पच्या अशा नवजात पिलांना ‘मत्स्यजिरे’ आणि बोटाएवढ्यांना ‘बोटुकली’ म्हणतात. परिभाषा समितीला असे शब्द सुचणे कठीण.

नराचा बळी ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. एका नराचे शुक्र दोनतीन माद्यांना पुरते, हे खरे. परंतु क्लॅरिअस मागुर हा आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला मासा आहे. त्याला वाचविण्याचा मुख्य उपाय म्हणून ज्या बीजोत्पादनाकडे बोट दाखविले जाते, त्या बीजोत्पादनात प्रत्येक खेपेस पूर्ण वाढीचे, निवडक नर मारावे लागतात. शस्त्रक्रियेने वृषणाचा केवळ भाग काढणे, शुक्र अतिशीत अवस्थेत साठविणे, असे पर्याय प्रयोगशाळांत तपासले गेले आहेत. पण खेड्यातील केंद्रावर अजून सुरी आणि खल हीच साधने आहेत. नरांचा हा खर्च ‘प्रजनन’ या मंगल शब्दाखाली झाकला जातो.

याहून गंभीर परिणाम दुसरा आहे. वर्तनाची पायरी वगळली की जातीची ओळखही वगळली जाते. निसर्गात मागुराची मादी परक्या जातीच्या नराजवळ जाणार नाही; पात्रातील अंड्यांना मात्र कोणाचे शुक्र ओतले हे समजण्याचा मार्ग नाही. जवळच्या जातींच्या बाबतीत संकर करणे हे प्रजनन करण्याइतकेच सोपे होऊन बसते. थायलंडमध्ये नेमके हेच झाले. आफ्रिकेतील मोठा, झपाट्याने वाढणारा ‘क्लॅरिअस गॅरिपायनस’ तेथे १९८० च्या दशकात नेण्यात आला, आणि तेथील ‘मॅक्रोसेफॅलस’ या स्थानिक जातीच्या माद्यांच्या अंड्यांवर त्याचे शुक्र ओतून संकरित मासा तयार करण्याचा मोठा व्यवसाय उभा राहिला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तेथील स्थानिक जातीच्या नैसर्गिक समूहांत आफ्रिकी जनुके शिरल्याचे आढळले.

हाच आफ्रिकी मासा थायलंडमार्गे बांगलादेशात आणि तेथून १९९० च्या दशकात चोरवाटांनी भारतात आला. बाजारात त्याला ‘थाई मांगूर’ हे नाव मिळाले. शास्त्रीय नामातील ‘गॅरिपायनस’ हे पद दक्षिण आफ्रिकेतील गॅरिप, म्हणजे ऑरेंज, नदीवरून आलेले आहे. ते नामकरणही १८२२ सालचेच, ज्या वर्षी हॅमिल्टनने आपल्या मागुरास नाव दिले त्याच वर्षीचे. तेव्हा ‘थाई मांगूर’ या नावातील पहिले पद भूगोलदृष्ट्या खोटे आणि दुसरे जातिदृष्ट्या खोटे आहे. पण ग्राहकाला त्यातील ‘मांगूर’ तेवढे ऐकू येते. खरा मागूर वर्षभरात शंभर-दीडशे ग्रॅमचा होतो. हा परका मासा तेवढ्याच काळात किलोच्या वर जातो, कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर पोसता येतो, आणि तळ्यातून सुटला तर नदीतील लहान मासे फस्त करतो. केंद्र शासनाने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१८-१९ मध्ये तिची अंमलबजावणी करण्याविषयी आदेश दिले, आणि त्यानंतर महाराष्ट्रातही ठिकठिकाणी तळ्यांतील हे मासे नष्ट करविण्यात आले. कारवाईच्या बातम्यांत त्याचा उल्लेख काही वेळा नुसता ‘मांगूर मासा’ असा होतो. तो वाचून खऱ्या मागुराचे संवर्धन करणाऱ्याला आपणही गुन्हा करीत आहोत की काय, अशी शंका आली तर दोष त्याचा नव्हे. संकटग्रस्त जात आणि निषिद्ध जात एकाच नावाने ओळखल्या जाव्यात, ही स्थिती भाषेच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

परिभाषेपुरते माझे म्हणणे असे. ‘प्रेरित प्रजनन’ ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही; कार्पच्या संदर्भात ती योग्य आहे, आणि सत्तर वर्षांच्या वापराने रुळलेलीही आहे. मागुरासाठी मात्र ‘प्रेरित अंडमोचन’ आणि ‘हस्तफलन’ अशा दोन संज्ञा वेगळ्या ठेवाव्यात. ‘कृत्रिम फलन’ असेही म्हणता येईल, पण फलन स्वतः कृत्रिम नसते, ते घडवून आणणारे हात तेवढे परके असतात. म्हणून ‘हस्तफलन’ मला अधिक नेमके वाटते. प्राणिशास्त्रातील सहकाऱ्यांना हा शब्द ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे. त्यांनी याहून बरा सुचवावा. आफ्रिकी माशास ‘आफ्रिकी मागूर’ असेच म्हणावे, आणि ‘थाई’ हे विशेषण निदान शासकीय कागदपत्रांतून काढून टाकावे.

विद्यार्थ्याने हस्तलिखितात संज्ञा बदलल्या. मागुराच्या प्रकरणाचे पहिले वाक्य आता असे आहे : ‘सुई दिल्यावर जोडी टाकीत सोडून देऊ नये; पाण्याची उष्णता मोजून वेळ ठरवावी आणि त्या वेळी मादी हातात घ्यावी.’ नराविषयीचे वाक्य कसे लिहावे, यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. त्याने ‘नराची वृषणे काढून घ्यावीत’ असे लिहिले आहे. ‘नर मारून’ हे दोन शब्द त्यात असावेत, असा माझा आग्रह आहे.